अकरावी पास, मॅट्रिक नाही

टेबलामागं तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी माझं मार्कशीट उचललं, आडनावावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवलं. मग मला विचारलं, "मॅट्रिक आहेस का?"

"न्हाई जी. अकरावी पास हाय."

शेजारचा तोंडावर रुमाल धरून हसला. साहेब हसले नाहीत. कागद परत देत सावकाश म्हणाले, "मग आधी मॅट्रिक होऊन ये."

मी नमस्कार केला. वर आभार मानले.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचं साल. मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगसाठी नगरला मुलाखत होती. आमची वस्ती बेलापूरच्या बाहेर, ओढ्यापलीकडं. तिथली अकरावीला पोचलेली मी पहिलीच. शाळेत सगळे अकरावीच म्हणायचे. मार्कशीटवर एस.एस.सी. छापलेलं. मॅट्रिक हा शब्द मी ऐकला होता तो बागायतदारांच्या, वकिलांच्या पोरांबद्दल. वाटायचं, अकरावीच्या पुढं कुठंतरी असेल ते. आमच्यासाठी नसेल.

दुसऱ्या दिवशी हायस्कुलात गेले, मॅट्रिकच्या वर्गात नाव घाला म्हणून. हेडमास्तर हसले. अकरावीलाच मॅट्रिक म्हणतात, एस.एस.सी. म्हणजेही तेच, असं त्यांनी सांगितलं. मार्कशीट साहेबांच्या हातात होतं का, विचारलं. होतं म्हटल्यावर उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"म्हणजे त्यांना कळलं होतं. पण तू हे कुठं बोलू नकोस. तुझा बाप त्या साहेबांच्याच भावाच्या मळ्यावर कामाला आहे."

हसल्याचं एवढं लागलं नाही. मी आभार मानले होते, ते लागलं.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी एस.टी.च्या भाड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मग एवढंच म्हणाले, "जा."

एस.टी.नं पुन्हा नगर गाठलं. निवडीची यादी भिंतीवर लागली होती, तिच्यात माझं नाव नव्हतं. साहेब एकटेच होते.

"मी मॅट्रिक हाय. त्या दिशी बी हुते. तुमाला म्हाईत हुतं."

ते रागावले नाहीत. टोपण काढून शाईचं पेन हातात घेतलं, कोरी चिठ्ठी ओढली. मऊ आवाजात विचारलं, "वडिलांचं नाव काय? मळ्यावर किती वर्षं आहेत?"

मी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दोनदा सांगितलं.

आठवडा झाला नाही तोच वडिलांना मळ्यावर येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. ओढा आटत चालला होता. वस्तीतली माणसं आमच्या दारावरून जाताना बोलेनाशी झाली. हिच्यापायी आपलीबी कामं जातील, असं त्यांना वाटत होतं. खोटं नव्हतं ते.

मी कोळसा घेतला आणि आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: अकरावी, एस.एस.सी., मॅट्रिक. तिन्ही एकच. पाचवी-सहावीतल्या चार पोरी बघत होत्या. त्यांना समोर बसवून म्हणायला लावलं. त्यांच्या आया ओढून न्यायला आल्या. मी पोरींचे हात सोडले नाहीत.

पुढच्या साली त्याच टेबलापुढं परत उभी राहणार होते. त्यांनी पुन्हा नाव लिहून घेतलं, तर पुन्हा सांगणार होते. आभार मात्र मानणार नव्हते.