खाटेखालून येणारा आवाज

आमची बायको गेल्याची बातमी मला दुसऱ्या नंबरला कळली. पहिल्या नंबरला वकीलसाहेबांना. तार इंग्रजीत होती, आमच्या वस्तीत इंग्रजी वाचणारं कुणी नाही, म्हणून पोस्टमन आमच्याकडच्या तारा आधी बाजारापलीकडे वकीलसाहेबांच्या घरी नेतो आणि मग ते सांगायला येतात. ही भाचीच्या लग्नासाठी धारला माहेरी गेली होती, तिथे ताप चढला आणि उतरलाच नाही. मी अंगणात दोरी वळत बसलो होतो. वकीलसाहेब आले, हातात तार, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडायलाच लागले. मी विचारलं, "कोण गेलं?" तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे बायको माझी गेली, आणि त्यांना उगी करायला पाणी मी आणलं. हे काही बरोबर झालं नाही, असं मला अजून वाटतं. धारला पोचलो तोवर तिच्या भावांनी थांबवून ठेवलं होतं, तोंड बघायला मिळालं. मग महिनाभराने इथे देवासला आमच्या नाट्यमंडळाने शोकसभा घेतली. तिथेही बोलायला वकीलसाहेबच. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला कोण उभं करणार? म्हणून हे लिहितो. शुद्धलेखन पेपरच्या पुरवणीवाल्यांनी बघून घ्यावं, बाकी काही बदलू नये.

मी फरासखान्यातला. देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या महाराजांच्या, दरबाराच्या राहुट्या, गालिचे, पडदे आमच्या बापजाद्यांनी बांधले आणि सोडले. संस्थान विलीन झालं तेव्हा राहुट्या गेल्या, आमचं कामही गेलं. त्याच वर्षी मंडळाला नाटकाचा पडदा ओढणारा हवा होता, मी लागलो. पूर्वी नाटकाचा खर्च वाड्यातून यायचा. आता तिकीट लावायचं म्हटल्यावर लोक पौराणिकाला येईनात, म्हणून मंडळाने रहस्यनाटक बसवलं, 'पाचवी खाट'. बिनलेकराबाळांच्या म्हाताऱ्यांचा एक आश्रम असतो, तिथली माणसं एकामागून एक झोपेत मरतात. सगळे म्हणतात वयच झालं होतं, आणि एका गुप्तहेराला तेवढा वास येतो. मारेकरी निघतो आश्रमाचा व्यवस्थापक, तो प्यायला देतो त्यात काहीतरी घालत असतो. चौथ्या खाटेवरचा म्हातारा मी. पडदा ओढायचा, दुसऱ्या अंकात आडवं होऊन मरायचं, एवढंच काम. बोलायला एक अक्षर नाही.

गुप्तहेर वकीलसाहेब. उंच माणूस, आवाज असा की मागच्या रांगेत पेंगणारा सरळ होऊन बसे. पण पाठांतराच्या नावाने शून्य. दोन वाक्यं झाली की थांबायचे, हनुवटीला हात लावायचे आणि विंगेकडे बघायचे. आमचा प्रॉम्प्टर बदली होऊन गेला आणि तालीम अडली. ही तेव्हा सगळ्यांचा चहा करायला यायची. धारच्या मुलींच्या शाळेत शिकलेली, एकदा ऐकलेलं विसरायची नाही. त्या दिवशी वकीलसाहेब असेच अडकले, आणि आतून चहाच्या पातेल्यापासून पुढचं वाक्य आलं, कुजबुजत, पण शब्द न शब्द वेगळा, निवडलेल्या तांदळासारखा. तिथून ती प्रॉम्प्टर झाली. डोक्यावर पदर घेऊन विंगेच्या कापडाआड बसायची. लोक बाहेर म्हणायचे, काय विचार करतो हो हा गुप्तहेर, बोलायच्या आधी किती थांबतो... तो थांबायचा आमच्या बायकोसाठी. हे मला दोरी हातात धरून रोज बघावं लागे. तीन तास ती त्या माणसाच्या कानात बोलत असायची आणि घरी आली की माझ्यावर खेकसायची, "पाय धुऊन या आधी."

दोघं एकमेकांशी कधी समोरासमोर बोलले नाहीत. आमच्यात ती रीत नाही, परपुरुष आला की बाई आत. म्हणून मधला पोस्टमन मी. वकीलसाहेब म्हणायचे, "गणपतराव, वहिनींना सांगा, तिसऱ्या अंकात जरा लवकर द्या." मी आत जायचो. ती म्हणायची, "त्यांना सांगा, लवकर दिलं तर तुम्ही दोनदा म्हणता." मी बाहेर यायचो. ते हसायचे, आणि ती आत हसतेय हे मला तिच्या पदरावरून कळायचं. माझ्या निरोपावर दोघं हसणार आणि मी मध्ये उभा. एकदा चिडून म्हणालो, "तुमचं तुम्हीच बोला की." तर ही म्हणाली, "मग तुम्ही काय करणार दिवसभर?"

मग धारचा प्रयोग आला. तिचं माहेर, पुढच्या रांगेत तिचे तिघे भाऊ आणि भावजया. तिथे गेलो तर हॉलला विंगच नाही, एक भिंत आणि लांब कोपऱ्यात दार. प्रॉम्प्टर बसणार कुठे? वकीलसाहेबांनीच शक्कल काढली, चौथ्या खाटेखाली. खाटेवर चादर लोंबती सोडायची आणि वहिनींनी खाली बसायचं. चौथी खाट म्हणजे माझी. आता बघा, मी वर मेलेला, बायको खाली बसलेली, आणि हा माणूस अडला की माझ्या छातीवर वाकून कान लावायचा, खालून शब्द ऐकायला. लोकांना वाटलं, गुप्तहेर मेलेल्या माणसाची साक्ष काढतोय. अशी टाळी पडली की माझा मोठा मेहुणा उभा राहिला. पुन्हा वाकले, पुन्हा टाळी. त्यांच्या मिशांना लावलेला डिंक माझ्या नाकाशी, आणि खाली आमच्या बायकोचा आवाज त्यांच्यासाठी... मी काय केलं, हळूच कूस बदलल्यासारखं करून गोधडी त्या बाजूने खाली सोडली. आवाज बंद. वकीलसाहेब वाकलेले ते वाकलेलेच.

तिला कळलं. सुतळीच्या विणीतून तिने माझ्या पाठीत बोटाचं हाड असं खुपसलं की मी खाटेवरून वीतभर उडालो. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, डोकरो तो जिंदो हे." म्हातारा जिवंत म्हणून सगळा हॉल उठून उभा. वकीलसाहेब म्हणाले, "नाडी... नाडी लागते आहे." त्यांच्या आयुष्यात स्वतःच्या डोक्यातून आलेलं हे एकच वाक्य. पुढे कुणालाच काही सुचेना. मी डोळे उघडून छताकडे बघतोय. तेवढ्यात खालून आलं, माझ्यासाठी, "पाणी मागा."

मी म्हणालो, "पाणी." व्यवस्थापकाचं काम करणारा पोरगा घाबरून स्वतःच पेला घेऊन धावला. लोक ओरडायला लागले, "मत पीजो, दादा, मत पीजो." मी प्यायलो. खालून आलं, "आता परत मरा." मी ओठ न हलवता विचारलं, "कसं?" ती म्हणाली, "मघाशी मेला होतात तसेच." मी मेलो. मारेकरी कोण ते सगळ्यांसमोर दुसऱ्या अंकातच उघड झालं, आणि तिसऱ्या अंकात गुप्तहेराला शोधायला काही उरलं नाही. धारकर खूश. वकीलसाहेबांना त्या रात्री तिथे मेजवानी होती, ते मागे राहिले. आम्ही दोघं बसने निघालो आणि इंदूर येईपर्यंत हिने मला धुतला. माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, मेलेल्या माणसाला एवढं अंग हलवायचं काय नडलं होतं, असं. शेवटी ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढून मागे वळून म्हणाला, "काकीसाब, आज तो भोंपू की जरूरत नी हे." ती हसली. मी मनात मोजत होतो. वकीलसाहेबांना तिची कुजबुज वर्षानुवर्षं मिळाली. मला दोन-तीन वाक्यं, त्यातलं एक मरा म्हणून.

नाटक पुढे बरीच वर्षं चाललं. नाव वकीलसाहेबांचं झालं, आणि कधी कुणी तिचं नाव घेतलं तर वकीलसाहेबांची प्रॉम्प्टर म्हणून. शोकसभेतही तेच. अध्यक्ष म्हणाले, वकीलसाहेबांच्या यशामागचा अदृश्य आवाज हरपला. माझ्या कशामागचं काय हरपलं ते कुणी विचारलं नाही. मग वकीलसाहेब उभे राहिले. दोन वाक्यं बोलले, थांबले, हनुवटीला हात गेला, आणि त्यांनी डावीकडे बघितलं. तिथे नुसतं दार होतं. ते बघतच राहिले... लोकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं, तिच्याबद्दलची शंभर वाक्यं मला ठाऊक होती. मी पुढच्याच रांगेत होतो, कुजबुजलो असतो तरी पोचलं असतं. दिलं नाही. ते खाली बसले आणि त्यांच्या न बोलण्याचंही कौतुक झालं.

सभा सुटल्यावर ते माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. दारात उभे राहून म्हणाले, "गणपतराव, एक विचारू?"

"विचारा."

"वहिनींचा आवाज कसा होता हो? म्हणजे... मोठ्याने बोलताना. मी तो कधी ऐकलाच नाही."

एवढी वर्षं, आणि खरंच की, त्यांच्या वाट्याला नुसती कुजबुज. म्हातारा झालाय तो माणूस, कान पुढे करून उभा होता, खाटेवर वाकायचा तसा. मी म्हणालो, "होता आपला बाईमाणसाचा." आणि कडी लावून घेतली.

आवाज मोठा होता एवढं वर लिहून गेलो आहे, तेवढं पुरे. कसा होता ते इथे लिहिणार नाही. वकीलसाहेब ही पुरवणी वाचतात. जेवायच्या वेळेला मी चप्पल घालतो आणि पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन उभा राहतो. तिची हाक तिथपर्यंत यायची. थोडा वेळ थांबतो आणि घरी येतो.