माझ्याच हातची पाटी

माझं अक्षर सुंदर आहे, हे लहानपणापासून सगळ्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की ते माझ्या डोक्यात गेलं, आणि तिथून काही उतरलं नाही. महाडजवळच्या आमच्या गावात अर्ज, तक्रारी, लग्नपत्रिकांवरची नावं, सगळं माझ्याकडे. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो तरी ब्रश सुटला नाही. यंदा ज्या गोष्टीने माझी पार बोबडी वळली ती या अक्षरातूनच निघाली, म्हणून आधी हे सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी सरकारने आमच्या भागाचा विकास आराखडा महाडला लोकांना बघायला ठेवला होता. आम्ही दहा-बारा जण टेम्पो करून गेलो. नकाशात कारखान्यांची जागा जांभळी होती, आणि तिला लागून, आमच्या गावच्या माळावर, एक पिवळा तुकडा. पिवळा म्हणजे घरं, कामगारांना राहायला. आमचं टाळकंच फिरलं. कोण कुठची माणसं येऊन उरावर बसणार! हरकती द्यायला मुदत होती. मी आठवडाभर बसून घरटी एक हरकत लिहून काढली, लोकांनी फक्त सह्या आणि अंगठे द्यायचे. कारण सगळ्यांचं एकच: ‘या लोकांचा आमच्या गावाशी काहीही संबंध नाही.’

शेवटच्या नकाशात पिवळा तुकडा नव्हता. आमच्यामुळे गेला की आणखी कशामुळे, देव जाणे, पण श्रेय आम्ही घेतलं आणि बकरा कापला. पुढे गावकीत ठरलं, घरातली खोलीसुद्धा कारखान्यातल्या माणसाला भाड्याने द्यायची नाही. तशी पाटी हायवेच्या फाट्यावर लागली. पिवळ्यावर काळी अक्षरं. वेलांट्या अशा काढल्या होत्या की मी स्वतःच जाता-येता बघत उभा राहायचो.

कारखाने वाढले. माणसं लागतच होती, ती पोलादपूरहून, वरंधकडून रोज यायला लागली. कंपनीच्या बसगाड्या, मोटारसायकली, टँकर. पाळी सुटली की फाट्यावर अर्धा-अर्धा तास काही हलत नाही. रस्त्यापलीकडच्या शेतातून भाताचा भारा डोक्यावर घेऊन यायचं तर जिवावरचं काम. मग अर्थातच मी अर्ज लिहिला, रस्ता रुंद करा. पाहणीला एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. दोन दिवस गाड्या थांबवून ती प्रत्येकाला विचारत होती, कुठून आलात, कुठे चाललात. जाताना मला म्हणाली, “काका, रस्ता कितीही रुंद केला तरी भरणार. इथे कामाला येणारे इथे राहतच नाहीत.” मला संताप आला. कालची पोर मला शिकवणार! मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

माझी मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत दिली आहे. बी.एस्सी. झाली, लग्नानंतर याच कारखान्यांतल्या एका प्रयोगशाळेत लागली. जावईही तिथेच. दीड वर्षाचं पोर सासूजवळ. ते उठायच्या आत ही निघते, आणि परतते तेव्हा ते झोपलेलं असतं. शिमग्याला सगळी आली होती. अंगणात पोर पडलं आणि रडायला लागलं. मुलीने हात पसरले. पोर तिच्या हातांना वळसा घालून माझ्या बायकोकडे धावलं, जिला ते जेमतेम तिसऱ्यांदा बघत होतं. मुलगी आत जाऊन भांडी घासत बसली.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाबा, कारखान्याजवळ खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर सोडते. आपल्या गावात बघाल?”

“खोली कशाला? इथेच या की.”

“ते घरजावई व्हायचे नाहीत, आणि मी सांगणारही नाही. भाड्याचीच बघा.”

त्यात काय, चार दिवसांत देतो, म्हणालो. शपथेवर सांगतो, पाटीची मला त्या क्षणी आठवणसुद्धा झाली नाही.

पहिल्यांदा चुलत वहिनीकडे गेलो. तिच्या मुंबईतल्या मुलाने बांधलेल्या दोन खोल्या वर्षातून आठ दिवस उघडतात. माझं ऐकून ती आधी हसली.

“भावजी, तुमीच लिवलंत ना? कारखान्यातल्याला खोली नाय.”

“वहिनी, ती आपली पोर आहे.”

“पोर आपलीच हाय. पन दिली ना पोलादपूरला? आता ती तिकडची. तिला दिली तर उद्या तिच्यामागनं धा जनी येतील. त्यांना मी काय सांगू?”

मी ज्यांच्याबद्दल ‘या लोकांचा’ म्हणून इतक्या वेळा लिहिलं होतं त्यांत माझी लेक होती! वहिनीवर चिडायची सोय नव्हती, वाक्य माझंच होतं. तरी मी आणखी तीन घरं फिरलो, प्रत्येक ठिकाणी म्हणालो, “एवढ्या एका पोरीपुरतं सोडा.” कुणी सोडलं नाही.

फोन करायचा धीर होईना. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाड्या अडकलेल्याच होत्या. तिची बस पाटीच्या थेट समोर येऊन थांबली. खिडकीत ती होती. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो आणि चक्क खोटं बोललो, “अजून दोन-तीन घरं बघायची राहिलीत.”

“नका फिरू, बाबा. आज राजीनामा दिला.”

“अगं, मला विचारायचंस तरी! ही पाटी मध्ये आली, नाहीतर...”

“पाटी मला माहीत आहे. बस रोज इथेच अडकते. बायका विचारतात, कुठलं गो हे गाव, असलं? मी सांगत नाही माझं माहेर म्हणून.” ती पाटीकडे बघत होती. “अक्षर ओळखू येतं मला. खोली मागितली तेव्हा वाटलं होतं, तुम्ही आधी ही काढाल.”

पुढचा टँकर हलला, त्यामागे तिची बसही गेली. मी पाटीखाली उभा होतो आणि मागच्या गाडीतली माणसं पाटी वाचत होती.