एका हातानं खेळायचे खेळ

लिफ्टवाल्याचं खरं नाव डायलिसिस केंद्रात फक्त फायलीवर होतं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर येताना त्यानं लिफ्टचा आवाज ऐकून सांगितलं होतं की हिच्या दाराचा रोलर झिजलाय, महिनाभरात ही अडकणार. अठराव्या दिवशी अडकली, आणि आत नेमके डॉक्टर होते. तेव्हापासून केंद्रात त्याचा शब्द चालायला लागला. स्वतःच्या शरीरात मात्र त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

बावीस वर्षं तो लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढला-उतरला. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले, आणि कंपनीनं त्याला फोनच्या टेबलावर बसवलं. अडकलेली माणसं फोनवर ओरडत, आणि तो शांतपणे सांगे, दार ढकलू नका, आमचा माणूस निघालाय. तो निघालेला माणूस आता दुसराच कुणीतरी असे. त्याला दुखण्यापेक्षा हेच जास्त लागे.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते अकरा. डाव्या हातात दोन जाड सुया, आणि तो हात चार तास जराही वाकवायचा नाही. पहिले दोन महिने त्यानं छताकडे बघत काढले. मग फोनच्या टेबलावरच्या सोबत्यानं आपल्या मुलीचा जुना हातातला गेम त्याला आणून दिला. पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा, आणि खालच्या पडद्यावर काडीनं टोचलं की चालणारा. म्हणजे एका हातानं भागणारा. आत एकच खेळ अडकून बसला होता, तो काही केल्या बाहेर निघेना.

चौकोनांत आखलेली जमीन, त्यावर आपले बारा शिपाई, पलीकडे शत्रू. आधी आपण आपली माणसं हलवायची, मग त्यांनी त्यांची. घाई कसलीच नाही. सिस्टर रक्तदाब बघायला आली, तर शत्रू तलवार उगारून तसाच थांबे. जगात आपल्यासाठी थांबणारं कुणीतरी आहे, याचंच त्याला अप्रूप वाटलं. पण या खेळाचा एक नियम कडक होता. मेलेला शिपाई कायमचा गेला. म्हणून कुणीही मेलं की लिफ्टवाला यंत्र बंद करून ती लढाई पहिल्यापासून सुरू करी. एका पुलावरची लढाई त्यानं सतरा वेळा खेळली, एका तिरंदाज पोरीपायी.

“अरे, मरू दे की तिला एकदाची,” शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. “पुढचा नकाशा तरी दिसेल.”

या नकाशेबाई. भूमापन कचेरीत छत्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेल्या, एकट्या, वय एकोणसत्तर. हातातल्या शिरा वापरून वापरून संपल्या, म्हणून त्यांच्या मानेतून नळी घातलेली होती. त्यामुळे त्यांचे दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांत लिफ्टवाल्याच्या यंत्रापेक्षा नवं, मोठं यंत्र. त्यांचा खेळही असाच चौकोनांचा, पण तऱ्हा वेगळी. तिथे ज्याचा वेग जास्त त्याची पाळी आधी येई, आणि उंचावरून मारलेला बाण लांब जाई. पडलेल्या माणसापर्यंत तीन पाळ्यांच्या आत कुणी पोचलं, तर तो वाचे. नाही पोचलं, तर गेला.

मग दोघांची जुंपली ती सहा महिने जुंपलेलीच राहिली. कुणाचा खेळ सरस? लिफ्टवाल्याचं म्हणणं, तीन पाळ्यांची सवलत म्हणजे लाड. लढाईत असं कुणी मोजून देत नाही. बाई म्हणत, तुझा खेळ कडक आणि तू पळपुटा. नियम पाळायची वेळ आली की यंत्रच बंद करतोस. त्याच्या खेळातला डोंगर बाईंनी एकदा यंत्र हातात घेऊन पाहिला आणि नाक मुरडलं. या डोंगराला उतारच नाही, म्हणाल्या, हा कुणीतरी बशी पालथी घालून काढलाय. त्यानं त्यांच्या खेळातल्या लांबलचक संवादांची टर उडवली. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. वार लागण्याची शक्यता ब्याण्णव टक्के दाखवतात, आणि नेमका तेव्हाच वार हुकतो. दोघांच्याही यंत्रात.

त्याच सुमारास लिफ्टवाल्याच्या आयुष्यात एक चांगली बातमी आली. बायकोचा रक्तगट जुळला नव्हता, पण धाकट्या भावाचा जुळला. पुढच्या तपासण्याही जुळल्या. धाकटा काचेच्या कारखान्यात खिडक्यांच्या काचा कापणारा, धडधाकट, अडतीस वर्षांचा. तो स्वतःहून म्हणाला होता, दादा, एक तुझं आणि एक माझं, झाली वाटणी. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा आठवडासुद्धा सांगितला. लिफ्टवाल्यानं कित्येक वर्षांनी बायकोला विचारलं की बरा झाल्यावर कुठे जाऊया. तिनं ठिकाण सांगितलं नाही. आधी पोटभर पाणी पी, एवढंच म्हणाली. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी त्याला दीड वर्ष मिळालं नव्हतं.

मग धाकट्याचा फोन लागेना. आधी लागून उचलला जात नव्हता, नंतर बंदच. भावजय दारात उभी राहून सांगे, ते कामावर आहेत. शेवटच्या तपासणीला धाकटा आलाच नाही. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, आणि दुसऱ्यांदा ढकलताना त्यांनी लिफ्टवाल्याच्या नजरेला नजर दिली नाही.

बुधवारी दुपारी तो कारखान्यात गेला. बसथांब्यापासून पाच मिनिटांची वाट चालायला त्याला वीस मिनिटं लागली. धाकटा लांबरुंद टेबलावर वाकून काचेवर कापायची हिरकणी फिरवत होता. दादाला बघून त्याची रेघ वाकडी गेली. त्यानं ती काच बाजूला ठेवली, हातमोजे काढले, परत घातले.

काय बोलायचं ते लिफ्टवाल्यानं बसमध्ये घोकलं होतं. तुझी मर्जी, जबरदस्ती नाही, असं काहीबाही. तोंडातून निघालं ते वेगळंच. लहानपणी तुला खांद्यावर बसवून शाळेत कुणी नेलं, इथपासून त्यानं सुरुवात केली आणि तुझ्या पाया पडतो, इथवर येऊन थांबला. नुसतं बोलून नाही. तो खरोखरच वाकायला लागला. काचांच्या चुऱ्यानं भरलेल्या त्या जमिनीवर धाकट्यानं त्याला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

“दादा, मला भीती वाटते,” धाकटा म्हणाला. “दुसरं काही नाही. कुणी कान भरलेले नाहीत माझे. टेबलावर झोपलोय आणि उठलोच नाही, असं रोज दिसतं.”

“डॉक्टर म्हणाले ना, धोका फार कमी आहे.”

“कमी म्हणजे नाही असं नव्हे.”

ब्याण्णव टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे लिफ्टवाल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आजूबाजूचे कामगार मान खाली घालून काम केल्यासारखं दाखवत होते. तो निघाला. धाकटा बसथांब्यापर्यंत सोबत आला आणि बस येईपर्यंत थांबला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यानं हे सगळं नकाशेबाईंना सांगितलं. बाईंनी यंत्र मिटून मांडीवर ठेवलं. धाकट्याला त्यांनी नावं ठेवली नाहीत, म्हणून त्याला आधी रागच आला. मग त्या म्हणाल्या, “मलाही तुला एक सांगायचंय. मी पुढच्या आठवड्यापासून येणार नाही.”

त्याला वाटलं, केंद्र बदलतायत. बाईंनी मान हलवली. मानेतल्या नळीला तिसऱ्यांदा जंतुसंसर्ग झाला होता. नवी नळी घालायला जागा शोधावी लागणार होती. त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं, भाचीला सांगितलं होतं. आता डायलिसिस पुरे.

“बाई, असं करू नका,” तो म्हणाला. “जागा सापडेल. पायातून घालतात. मी वाचलंय.”

“मी पण वाचलंय.”

तो त्यांना बोलला, नको ते बोलला. इथे एक मूत्रपिंड मिळावं म्हणून मी भावाच्या पायावर डोकं ठेवतो, आणि तुम्ही मिळतंय ते नाकारताय, असंही म्हणाला. आवाज चढला तसा त्याचा रक्तदाब घसरला, पायांत गोळे आले, सिस्टर धावली. शुद्ध नीट आली तेव्हा बाई त्याच्याकडे बघत होत्या. “तुझं चुकत नाही,” त्या म्हणाल्या. “तू पंचेचाळीसचा आहेस. तू धडपडायलाच हवंस. मी दमलेय रे.”

शनिवारी त्या शेवटच्या आल्या. नेहमीसारख्या खेळल्या, त्याच्या डोंगराला नावं ठेवली. निघताना यंत्र पिशवीत टाकलं. घरी अजून दोन नकाशे राहिलेत, म्हणाल्या. त्यातला एक पुरा झाला असं त्यानं नंतर भाचीकडून फोनवर ऐकलं. दहाव्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

त्या गुरुवारी लिफ्टवाल्यानं पुलावरची लढाई पुन्हा काढली. तिरंदाज पोरगी मेली. यंत्र बंद न करता तो पुढे गेला. बाईंनी सांगितलं होतं तसा पुढचा नकाशा दिसला, एक बर्फाळ मैदान. शहाणपण वगैरे काही आलं नाही. बारापैकी अकरा उरले आणि उजवी बाजू उघडी पडली, एवढंच झालं. दोन लढायांत आणखी चार गेले. मग त्यानं यंत्र मिटलं आणि भिंतीवरच्या, आवाज बंद केलेल्या टीव्हीतली मुकी माणसं बघत बसला.

डॉक्टरांनी त्याचं नाव अनोळखी दात्यांच्या यादीत घातलं. यादी लांब होती. किती लांब, हे त्यानं विचारलं नाही, बायकोनं विचारलं, आणि घरी येईपर्यंत ती बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं मनाशी एकच गोष्ट पक्की केली, धाकट्याकडे पुन्हा तोंड वेंगाडायचं नाही. भाऊ तरी राहू दे.

दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. लिफ्टवाला जिन्यात बसून बूट घालत होता. धाकट्यानं तब्येत विचारली, त्यानं बरी आहे म्हणून सांगितलं. भावजयीची, पोरांची चौकशी झाली. कारखान्यात नवं यंत्र आलंय, काच आपोआप कापतं, असं धाकटा सांगत होता. त्याचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. एकदा तो हसलासुद्धा.

“विचार केलास का रे पुन्हा?” लिफ्टवाल्यानं विचारलं.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले.

“दादा, ठेवतो,” धाकटा म्हणाला.

बायकोनं आतून विचारलं, कुणाचा फोन. तो एका पायात बूट घालून बसला होता, दुसरा हातात होता. धाकट्याचा, तो म्हणाला. बरा आहे.