जंताची पावडर आणि तिसरा महिना

मला तिचा हेवा वाटायचा. तो मी फारसा लपवला नाही, स्वतःपासून तर मुळीच नाही. लग्न होऊन ती नागपूरहून बेंगळुरूला आली. नवरा व्हाइटफील्डला कुठल्याशा आयटी कंपनीत, आणि ही देवनहळ्ळीच्या पुढे आमच्या औषधांच्या कारखान्यात, माझ्याच हाताखाली. दुपारी जेवताना नवऱ्याचा फोन यायचा, तोही रोज. माझा नवरा फोन करतो तो गॅस संपला तर. तिचं मराठी ऐकलं की मला माझ्या मराठीची लाज वाटायची. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्या राहिलंय की मी ‘जरा थांब’च्या जागी ‘स्वल्प थांब’ म्हणून जाते, आणि ती खुदकन हसायची. मग माझ्या पोटात दुखायचं.

आमचं काम वजनाच्या खोलीत. गोळ्या बनवायच्या आधी ड्रममधली पावडर मोजून पिशव्यांत भरायची. बहुतेक वेळा ही पावडर जंताच्या औषधाची असते. शाळेत पोरांना चघळायला देतात ना, त्याच गोळ्यांची. लोक म्हणतात, पोरांना देतात त्या औषधाला भ्यायचं काय? अहो, एखादी गोळी खाणं वेगळं आणि रोज त्या धुळीत उभं राहणं वेगळं. पावडर पांढरी, हलकी आणि चुकार. जरा धक्का लागला की उडते आणि बाहीला, पापण्यांना चिकटून बसते. नाकात गेली तरी पत्ता लागत नाही. म्हणून अंगभर सूट, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. ड्रम उघडायचा तो वरून खाली हवा वाहते त्या जागीच, आणि त्याला आधी जमिनीशी जोडलेल्या तारेचा चिमटा लावायचा, नाहीतर एखाद्या ठिणगीने बारीक धुळीचा भडका उडू शकतो. सांडलं तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. ते फडकं मोरीत पिळायचं नाही, कारण ते पाणी तळ्यात गेलं तर तिथले जीव मरतात.

हे सगळं ती माझ्याकडून शिकली आणि माझ्यापेक्षा नीट करायला लागली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा हात बघा, टेबलावर एक कण नाही. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या ते सांगते कुणाला!

त्या ड्रमवर एक चित्र असतं. माणसाचं धड, आणि छातीवर फुटलेली चांदणी. आम्हा बायकांना पहिल्याच दिवशी त्याचा अर्थ समजावतात: हे पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. म्हणून नियम असा, की दिवस गेलेत अशी नुसती शंका आली, किंवा मूल हवंय असं ठरवलं, तरी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं. मग त्या तुम्हाला वजनाच्या खोलीतून बाहेर काढतात.

मूल हवंय, हे मी सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी मला वजनाच्या खोलीच्या काचेबाहेर, लेबलांच्या टेबलाशी बसवलं, आणि का बसवलंय ते अख्ख्या कारखान्याला कळलं. बसमधल्या बायका आधी माझ्या पोटाकडे बघायच्या, मग तोंडाकडे. ‘अक्का, एनू विशेष?’ म्हणजे काय, काही गोड बातमी? विशेष काही नव्हतं. महिन्यामागून महिने नव्हतं. दोन वर्षांनी मीच साहेबांना म्हटलं, मला परत आत घ्या. त्यांनी कारण विचारलं नाही. ते न विचारणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

हेवा करणाऱ्या माणसाचं लक्ष फार. एके दिवशी कॅंटीनमध्ये पपई होती. तिने आपल्या फोडी उचलून माझ्या ताटात ठेवल्या. ‘मला नको, उष्ण पडते.’ ह्याच बाईने आदल्या महिन्यात माझ्या वाट्याचीही पपई संपवली होती. मी ती फोड फोड करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ती मास्कचा पट्टा सैल करत होती. घट्ट केला की मळमळतं, म्हणाली.

मला कळलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ड्रम आठवलाच नाही. पहिल्यांदा मनात आलं, हिलाही! लग्नाला वर्ष झालं नाही तर हिलाही! मग ड्रम आठवला.

‘तू आत जायचं नाहीस,’ मी म्हटलं.

‘का हो ताई? मोठी ऑर्डर आहे आज.’

‘तुला दिवस गेलेत.’

‘काहीतरीच तुमचं.’

‘पपईला हात लावत नाहीस आणि हा ड्रम उघडतेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?’

ती मटकन बाकावर बसली. ‘सासूबाईंनी बजावलंय, तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. दृष्ट लागते. आणि मी मास्क लावते ना ताई, मोजे घालते. थोडेच दिवस तर राहिले होते.’

‘सासूबाईंना ठाऊक आहे तू इथे काय मोजतेस?’

‘जंताच्या गोळ्यांचं काम, एवढंच सांगितलंय.’

‘डॉक्टरीणबाईंना तरी सांगायचंस! त्या काय दृष्ट लावणार आहेत?’

‘त्या मला बाहेर बसवतील. बाहेर बसले की सगळ्यांना कळेल.’

‘मग कळू दे की. एवढी कुणाची भीती वाटते?’

तिने हातातला मास्क बाकावर ठेवला. मग म्हणाली, ‘तुमची.’

माझा असा संताप झाला की वाटलं, तिच्या एक मुस्काटात द्यावी. ती खोटं बोलली असती तर इतका झाला नसता. माझे डोळे रात्रंदिवस तिच्यावर होते हे तिला दिसत होतं, आणि त्या डोळ्यांपासून लेकरू लपवायला ती त्याला घेऊन त्या धुळीत उभी राहिली होती. मी तिचं मनगट धरलं आणि तिला तशीच ओढत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं.

बाई ओरडल्या नाहीत, त्याने ती जास्त घाबरली. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात, त्या म्हणाल्या, जपायचं ते सगळ्यांत जास्त तेव्हाच. मास्क नीट बसला असेल तर फारसं आत गेलं नसेल. सैल होता, तर सांगता येत नाही. आजपासून तुला वजनाची खोली बंद. पहिली तपासणी लगेच करू, पण नीट काय ते पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसेल.

मग तिला माझ्याच जुन्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या वाटचे ड्रम मी उघडू लागले. काचेतून दिसायची. लेबलं लावता लावता हात थांबायचा आणि ती पोटाकडे बघत बसायची. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, सासूला नाही. बसमध्ये एकीने तिला ‘एनू विशेष?’ म्हणून विचारलं, तेव्हा मी त्या बाईवर अशी खेकसले की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. बाळ धडधाकट असू दे, असं मी देवापुढे रोज म्हणत होते. आणि देव्हाऱ्यापासून उठले की पुन्हा जळत होते.

सोनोग्राफीच्या दिवशी तिचा नवरा ऑफिसच्या कामाने हैदराबादला अडकला. ‘तुम्ही याल?’ तिने विचारलं. महादेवपुऱ्याच्या त्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसले. आजूबाजूला सगळ्या पोट घेऊन बसलेल्या बायका. एकीने मला विचारलं, तुमचा कितवा? मी म्हटलं, बहिणीबरोबर आलेय.

ती बाहेर आली ती रडतच. ‘काय म्हणाल्या डॉक्टर?’ मी विचारलं.

‘सगळं नीट आहे म्हणाल्या. डोकं, हात, पाय, पाठीचा कणा, सगळं.’

मला आनंद झाला, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं. ही सैल मास्क लावून त्या धुळीत उभी राहिली आणि हिचं सगळं नीट. मी दोन वर्षं शहाण्यासारखी काचेबाहेर बसले, अंगाला एक कण लागू दिला नाही. कुणासाठी?

‘ताई, काय झालं?’

‘हेवा वाटतोय गं तुझा,’ मी म्हटलं. ‘फार वाटतोय.’

ती दचकली नाही. डोळे पुसून माझ्या शेजारी बसली, पाकिटातून सोनोग्राफीचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला.

‘बघा,’ ती म्हणाली. ‘हवा तितका वेळ बघा.’