झाकणाची खुर्ची

माझ्याकडचं जुनं सागवानी सामान बघायला लोक हल्ली मुद्दाम येतात. लांब हातांच्या आरामखुर्च्या, आरशाचं कपाट, साहेबाच्या टोप्या अडकवायचा स्टँड. "हा नाद कुठून लागला?" असं हमखास विचारतात. काहींना वाटतं, माहेर श्रीमंत असणार. कसलं श्रीमंत! मी शाळेतली मास्तरीण, आणि मी घेतलेली पहिली वस्तू दिवाणखान्यात मांडण्याजोगी मुळीच नव्हती.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. आम्ही जळगावात मेहरूणच्या बाजूला राहत होतो. माझ्या सासूबाई, सगळ्यांच्या अक्का, अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात दीड महिना झोपवून ठेवलं, मग घरी पाठवलं. आता आधाराने बसता येत होतं, पण उकिडवं बसता येत नव्हतं आणि यापुढे येणारही नव्हतं. दवाखान्यात आयाबाई भांडं द्यायची, ते त्यांनी डोळे मिटून सोसलं. घरी सुनेच्या हातून घ्यायला मात्र साफ नकार. शेवटी मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना उचलून परसातल्या संडासापर्यंत नेलं. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. तसं एकदाच झालं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी पाणी पिणंच सोडलं. तांब्या पुढे केला की ओठ ओले करायच्या आणि परत द्यायच्या. जेवण चार घासांवर आलं. बाहेर जळगावचा चैत्र भाजत होता. डॉक्टर घरी येऊन गेले आणि ओट्यावर उभे राहून मला म्हणाले, "या बाई हाडामुळे जाणार नाहीत, पाण्यावाचून जातील." मग त्यांनीच औषधाच्या चिठ्ठीच्या मागे एक चित्र काढून दाखवलं. बसायला झाकण असलेली खुर्ची, झाकणाखाली गोल भोक, भोकाखाली भांडं ठेवायचा कप्पा. पूर्वी साहेबलोकांच्या बंगल्यांत असायची म्हणे.

मी चिठ्ठी घेऊन सुताराकडे गेले. त्याने चित्र पाहिलं आणि कानाला हात लावला. असल्या कामाला माझा रंधा लागणार नाही, म्हणाला. दुसऱ्याने तर मला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरायला सांगितलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, गावात हसं होईल." मी म्हटलं, "होऊ दे." माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. नाही म्हटलं की मला जास्त जोर चढतो.

धुळ्याला एक शेठजी जुनं सागवानी सामान विकतात, असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं. साहेब गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं फर्निचर लिलावात निघालं आणि शेठजींच्या गोदामात येऊन पडलं. लोक ते लाकडासाठी न्यायचे आणि कापून दाराच्या चौकटी करायचे. मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने धुळं गाठलं.

गोदामात शिसवासारख्या काळ्या पडलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. मी एकेक उतरवून, उलटी करून पाहिली. हवी ती नव्हती. घामाघूम होऊन शेठजींपुढे आले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, लांबून आलात. तोंड गोड करा." आणि ते खुर्चीवरून उठले, खुर्चीचं झाकण उचललं, खालच्या कप्प्यातून डबा काढला आणि राजगिऱ्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

मी लाडवाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. चिठ्ठीवरचं चित्र आणि ती खुर्ची, तंतोतंत. ह्या भल्या माणसाला आपण कशावर बसतो ते ठाऊक नाही, आणि मला आता ह्या कप्प्यातला लाडू खायचाय! पण नाही खावा तर शेठजी दुखावणार, आणि दुखावलेला माणूस काय खुर्ची देणार? मी तो लाडू शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. घास तोंडात नुसता फिरत होता.

मग म्हटलं, "शेठजी, मला हीच खुर्ची हवी."

"ही नाही विकायची."

मी बसून राहिले. परतीची दुपारची एसटी निघून गेली. गिऱ्हाइकं आली, गेली. शेठजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी मला राहवेना. लाजलज्जा गुंडाळून मी सगळं सांगून टाकलं. अक्कांचा पाय, परसातला तो एक दिवस, ओले करून परत दिलेले तांबे. आणि ही खुर्ची मुळात कशासाठी असते, तेही.

शेठजी शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे, बाई. आमच्या बापूजींसाठीच ठेवून घेतली होती. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. धुऊन घेतली, पॉलिश केली, नवं भांडं बसवलं. ते एकदाही बसले नाहीत. ते गेल्यावर विकवेना. कुणीतरी बसावं म्हणून मी बसतो."

मला लाडवाबद्दल मनात आलेलं सगळं आठवलं आणि माझी मलाच शरम वाटली.

"ते का नाही बसले?" मी विचारलं.

"मी म्हणालो, नोकर उचलेल. तिथंच चुकलो. त्यांना वाटलं, मुलाला किळस येते."

त्यांनी डबा बाहेर काढला आणि माळ्यावरून गोणपाटात बांधलेलं चिनी मातीचं भांडं उतरवलं. भाव मात्र चोख लावला, आणि मला ते बरं वाटलं. दया दाखवली असती तर मी तिथेच रडले असते.

नंतरच्या एसटीच्या टपावर खुर्ची बांधून मी संध्याकाळी घरी आले. ती थेट अक्कांच्या खोलीत नेली आणि दाराला कडी लावली.

"हाई काय शे?" अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या.

मी झाकण उघडलं. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कप्प्यातल्या भांड्याकडे पाहिलं.

"हाई कोन उचली?"

"मी."

"मंग तुना हातनं पानी माले कसं चाली?"

इतक्या दिवसांचा माझा सगळा राग तेव्हा बाहेर आला. "अक्का, माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं सगळं कोणी केलं? ते कपडे कोणी धुतले? आणि त्याच हातांनी शेवयांची खीर करून मला कोणी भरवली? मी विचारलं होतं, ती मला कशी चालेल म्हणून?"

 अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला वाटलं, संपलं, मी जास्त बोलले. बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता, त्याच्या चपलांचा आवाज येत होता.

मग पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "त्याले बाहेर जा सांग. आन माले उठाड."

मी नवऱ्याला बाजारात पिटाळलं. अक्कांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले, आधी खुर्चीचे आणि मग माझे. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. नंतर भांडं घेऊन परसातून गेले, तेव्हा कुंपणापाशी शेजारीण होती. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तीच आत गेली.

भांडं धुतलं, साबणाने हात दोनदा धुतले आणि तांब्या भरून खोलीत आले.  अक्कांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग तांब्या घेतला आणि वर धरून प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पोलक्यावर सांडत होतं. त्या थांबल्या नाहीत. रिकामा तांब्या माझ्यापुढे करून म्हणाल्या, "आजून दे."