झिंजच्या गच्चीवरचा मांडव

रावजी त्रिभुवनाला चंद्राचा नाद लागला तो गच्च्यांवर. एसीचं काम म्हटलं की बाहेरचा डबा गच्चीवर, आणि बहारीनचा उन्हाळा म्हटला की दिवसा त्या डब्याला हात लावायची सोय नाही. मग सांजवेळी चढायचं. गॅस भरेस्तोवर हाताला काम नसतं, माणूस आपसूक वर बघतो. रमजानच्या तोंडावर खालचं सगळं शहर त्याच चंद्राकडं डोळे लावून बसलेलं असायचं. रावजीला वाटायचं, ह्यांचं बरंय. ह्यांचा सण आभाळातून उतरतो. आपला छापील कॅलेंडरातून येतो, आणि तेही साहेबानं छापलेलं.

रावजी वैजापूर तालुक्यातला. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा पोळा सुटला, दिवाळी सुटली, गावची जत्रा सुटली. बदल्यात मिशनच्या मडमेनं नाताळ दिला. नाताळ चांगलाच होता, करंज्या होत्या, नवं कापड होतं. पण शाळेतली पोरं विचारायची, "तुमचा सण इंग्रजाचा, मग तू कामून एवढा काळा रं?" ह्याला रावजीकडं उत्तर नव्हतं. पन्नाशी आली, पोरगी नर्स झाली, तरी नव्हतं.

उत्तर मिळालं फोनवरच्या एका व्हिडिओत. हिंदीत बोलणारा एक उपदेशक, खांद्यावर झालरीची शाल. तो सांगायचा, शास्त्रात नाताळ कुठं आहे दाखवा. देवानं यहुद्यांना स्वतः नेमून दिलेले सण वेगळेच आहेत. वल्हांडण, सप्ताहांचा सण, मांडवांचा सण. तेही चंद्रावर चालणारे. आपल्या प्रभूनं जन्मभर ते पाळले, आणि आपण ते टाकून त्यानं कधी न पाळलेला सण धरून बसलो. रावजी पाना हातात धरून ऐकत राहिला. हे मडमेच्या आधीचं होतं. पाटलाच्या दिवाळीच्याही आधीचं असेल. त्याला एकदम मालक झाल्यासारखं वाटलं.

मालक झालेला माणूस घरच्यांना जड जातो. गेल्या डिसेंबरात त्यानं खिडकीत तारा लावू दिला नाही. बायको सत्यवती गप्प बसणारी नव्हती.

"इथं रविवारी ड्यूटी, म्हणून सगळी मंडळी शुक्रवारी चर्चला जाती," ती म्हणाली. "देव शुक्रवारी भेटतो, मग पंचवीस तारखेला कामून भेटत न्हाई? त्याला बी लीव्ह लागती का?"

"ते सोयीसाठी हाय."

"मग नाताळ बी सोयीचाच धरा."

तिनं करंज्या खालच्या मजल्यावर अरुणाकडं तळल्या आणि डबाही तिथंच ठेवला. सणाचे चार दिवस ती "गाळणं घेऊन येते" म्हणून खाली जायची आणि पदराला खोबऱ्याचा वास घेऊन वर यायची. रावजीला कळत होतं. तेवढं तो सोडून द्यायचा.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं त्याला प्रेषिताचं वचन दाखवलं. सण, अमावास्या, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस, ह्यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, ह्या सगळ्या सावल्या आहेत.

रावजी म्हणाला, "सावली का होईना, प्रभूचीच हाय ना? मग आपल्या अंगावर घ्यायला काय जातं?"

ह्यावर तो वडीलधारा हसला. रावजीचं उत्तर तसं वाईट नव्हतंच. वचनातलं न्याय न करण्याचं मात्र रावजीनं फक्त आपल्या बाजूनं वाचलं. लोकांनी माझा न्याय करू नये, एवढंच.

त्याचं पुढं काय झालं ते जूनमध्ये कळलं.

पोरगी अपेक्षा, तिचं लग्न श्रीरामपूरच्या चर्चच्या दुशिंग पाळकसाहेबांच्या मुलाशी, संदेशशी ठरलं होतं. दोघांनी आधी आपसात ठरवलं, मग बापांना सांगितलं, आणि बापांनी आपणच ठरवलं असं मानून घेतलं. तारीख काढायला पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "रावजीभाऊ, सव्वीस डिसेंबर धरू. नाताळला सगळी मंडळी गावात असतात, आणि चर्चची सजावटही आयती मिळते."

"त्या सजावटीखाली माझी पोरगी उभी राहनार न्हाई," रावजी म्हणाला.

पाळकसाहेबांना आधी थट्टा वाटली. मग रावजी त्या झालरीच्या शालवाल्याचं सगळं बोलला. बोलता बोलता चढला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, तुमी जन्मभर लोकांच्या गळी बाटगा सण उतरवला. तुमीच बाटगे, तर लोकं काय करतील?"

मग पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "असल्या घरात मुलगी कशाला देताय मग?" आणि फोन ठेवला.

बाटगा. ख्रिस्तवाड्यातल्या माणसानं ख्रिस्तवाड्यातल्या माणसाला हा शब्द वापरावा, असं कुणी ऐकलं नव्हतं. तो शब्द गावानं वाड्यावर फेकायचा असतो. फोन ठेवला तेव्हा रावजीचे कान तापले होते. पण त्यानं स्वतःची समजूत घातली की खरं बोलताना तापतातच.

त्या दिवसापासून श्रीरामपूरहून बोलणं नाही. संदेश अपेक्षाला सांगायचा, बाबांची एवढीच अट आहे, तुझ्या वडिलांनी माफी मागावी. अपेक्षा ते बापाला सांगायची, तिच्या पद्धतीनं. मराठी तिला सगळं कळायचं, तोंडातून इंग्रजी यायचं. "पप्पा, जस्ट से सॉरी. वन फोन कॉल." रावजी म्हणायचा, "खऱ्याची माफी कशी मागू? देवाला काय सांगू?" हळूहळू तिनं म्हणणं बंद केलं. घरी आली की जेवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

ऑक्टोबरात मांडवांचा सण आला. सात दिवस मांडवात राहायचं. रावजीनं यंदा तो पुरता करायचं मनावर घेतलं. जनाबियातल्या एका व्हिलात एसीची सर्व्हिस करताना तिथल्या माळ्यानं, मुख्तारनं, खजुराच्या छाटलेल्या झावळ्या बाजूला ठेवल्या होत्या, त्या ह्यानं गाडीच्या टपावर बांधून झिंजमधल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर आणल्या. चार पाइप उभे केले, दोरीनं आवळले, वर झावळ्या टाकल्या. हवेत दमट ऊब, चारी बाजूंनी एसीचे डबे गरम वारा फेकत होते.

"ह्याच्यात बसून काय भजी तळायची?" सत्यवतीनं विचारलं आणि खाली गेली.

तेवढ्यात अरुणाचा नवरा सदानंद वर आला. सदानंद आणि अरुणा कुडाळकडचे. तो एका कंपनीत गाडी चालवायचा. हातात दुधाचं पातेलं. कोजागरी होती, आणि दर कोजागरीला दोघं गच्चीवर दूध आणायची. पुनवेचा तोच चंद्र दोन्ही सणांना लागत होता. रावजीला ते जरा खुपलंच.

"रावजीनू, ह्यां काय बांधतास?"

"मांडव घालू राहिलो."

"मांडव? कधी?"

"आजपासूनच. सात दिवस."

सदानंद पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याचा चेहरा फुलला. "म्हंजे झाला तर. बरा झाला. आमी दोघा काळजीतच होतंव." त्यानं पेला पुढं केला.

"दूध नको. आमचा सण लागला आता," रावजी दोरीला गाठ मारत म्हणाला. काय झालं, कशाची काळजी, हे त्यानं विचारलं नाही. सदानंदानंही पुढं विचारलं नाही. लग्नघरच्या माणसाला फार बोलायला लावू नये म्हणून त्यानं पातेलं तसंच खाली नेलं आणि बायकोला बातमी दिली.

दुसऱ्या दिवशी सांजेला, मगरिबची बांग होऊन गेली होती, रावजी खाली पाणी प्यायला आला होता आणि दाराची बेल वाजली. अरुणा जरीची साडी नेसून उभी. एका हातात नारळ, एका हातात हिरव्या बांगड्यांचं खोकं. मागं सदानंद, इस्त्रीचा सदरा, लाडवांचा डबा.

"चेडवाचा, आमच्या अपेक्षाचा लगीन आणि माका सांगूक नाय?" अरुणा आत शिरत म्हणाली. "गच्चीवर मांडव पडलो, तो माका घोवाकडसून कळता. करंज्यांका मी व्हयी, लग्नाक नको?"

सत्यवती किचनच्या दारात ओला हात घेऊन थिजली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. रावजीला अजून उमगलं नव्हतं. त्याच्या डोक्यात मांडव म्हणजे मिसरातून बाहेर काढलेल्या लोकांचा मांडव होता. मराठीत त्याला दुसरा अर्थ आहे, आणि आधी तोच अर्थ आहे, हे त्या माणसाला सुचलंच नव्हतं.

"तुमच्यात ओटी चालता मा?" अरुणा विचारत होती. "नसात तर नुसत्यो बांगड्यो भरतंय."

सत्यवती काही बोलणार तेवढ्यात कुलूप फिरलं आणि अपेक्षा ड्यूटीवरून आली. अंगात निळा युनिफॉर्म, पायात पांढरे बूट. अरुणानं तिला दारातच धरलं, खाली बसवलं, डावा हात ओढून घेतला. "बस गो. नवरी कामार जाता, ही आमच्या गल्फाची तऱ्हा." पहिली बांगडी चढलीसुद्धा.

"काकी, व्हॉट इज धिस?"

"सोंग नको करू. तुझ्या बापाशीन मांडव घातल्यान. सगळा मिटला मा?"

अपेक्षाचा हात अरुणाच्या हातातच राहिला. तिनं बापाकडं बघितलं. जूनपासून त्या पोरीनं बापाकडं असं बघितलं नव्हतं. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच.

"पप्पा," ती म्हणाली, "यू कॉल्ड देम?"

ह्या घटकेला रावजीला सगळं कळलं. नारळ कळला, सदानंदाचा इस्त्रीचा सदरा कळला, कालचं "बरा झाला" कळलं. पोरीचा चेहरा समोर होता, आणि तो विझवायचं काम त्याचं होतं. दुसरं कुणी ते करू शकत नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "म्या फोन न्हाई केला. तो मांडव लग्नाचा न्हाई."

अरुणाच्या बोटांत चौथी बांगडी होती. ती तिनं खोक्यात परत ठेवली, आवाज होऊ न देता. अपेक्षानं मान खाली घातली.

कुणीतरी बोलायला हवं होतं म्हणून सदानंद बोलला. "मग कसलो ओ मांडव?"

"सण हाय आमचा. देवानं लोकांना मिसरातून, म्हंजे इजिप्तातून सोडवलं, तवा ते मांडवात राहिले. त्याची आठवण."

"बरा. आणि तुमी इजिप्तातसून कधी इलास?"

"मी वैजापूरहून आलो," रावजी म्हणाला.

सदानंदाला हसवायचं होतं. कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, म्हणून त्यानं मायेनं विचारलं, "तसा न्हय हो. सणात करतास काय? उपास? पूजा?"

"आनंद करायचा," रावजी म्हणाला. एवढं त्याला पाठ होतं, आणि पाठ असलेलं माणूस कसल्याही वेळी म्हणून जातो. "ह्या सणाची आज्ञाच ती हाय. सात दिवस आनंद करायचा. आपुन, आपला पोरगा, आपली पोरगी..."

पुढं वचनात गडी होते, परका होता, विधवा आणि पोरका होता. तिथवर तो पोचला नाही. त्याची जीभ पोरगीपाशी अडली. सत्यवतीनं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

रावजी उठला. शेल्फवरचा फोन घेतला, आतल्या खोलीत गेला. दार लोटलं, पण ह्या बिल्डिंगची दारं पातळ, आणि रावजीच्या फोनचा आवाज मोठा. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"सलाम, पाळकसाहेब. रावजी बोलू राहिलो. बहारीनहून."

तिकडून, "बोला."

"चुकलं माझं."

"काय चुकलं? सणाचं म्हणताय?"

इथं हो म्हटलं असतं तर सोपं होतं. रावजी घुटमळला. "सणाचं मला अजून तसंच वाटतं, साहेब. खोटं कशाला बोलू. पण तुमचा सण तुमाला गोड लागू दे. मी तुमाला जे म्हनलो..." त्याला तो शब्द पुन्हा उच्चारायला लागला, आणि ह्या खेपेला तो बारीक आवाजात आला. "बाटगे म्हनलो. माझ्या बापाला पाटलाच्या वाड्यासमोर म्हनायचे ते. तोच मी तुमाला म्हनलो. कशानं म्हनलो, माझं मला कळंना."

"दिवसाचं मला काही नव्हतं, रावजीभाऊ," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही तुमचा दिवस पाळा, देव तोही घेईल. पण त्या वेळी फोन स्पीकरवर होता. संदेशची आई शेजारी बसली होती. तिचा बाप आमच्या गावात तोच शब्द ऐकत मेला. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"विचारा. पाया पडतो म्हनावं."

"पाया नका पडू. उद्या सांगतो."

रावजी बाहेर आला. सदानंद लाडवांच्या डब्याच्या झाकणाकडं बघत होता. सत्यवतीनं विचारलं, "काय म्हनले?" खरं तर तिनंही ऐकलं होतं.

"उद्या सांगतील."

अपेक्षाच्या डाव्या हातात तीन बांगड्या तशाच होत्या. ती त्या एकमेकींवर सारत होती. अरुणा हळूच म्हणाली, "काढूया गो? जसा तू म्हणशीत तसा."

"ड्यूटीला चालत नाहीत, काकी. सकाळी काढीन," अपेक्षा म्हणाली, चक्क मराठीत. "आज राहू देत."

रावजी तिच्यापुढं येऊन उभा राहिला. आत जे बोलला ते इथंही बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. इथंच आधी बोलायला हवं होतं. "अपेक्षा," त्यानं सुरुवात केली, "म्या..."

"आय हर्ड, पप्पा," ती म्हणाली. "इट्स ओके. यू डोन्ट हॅव टु."

रागानं बोलली असती तर त्याला पेलवलं असतं. तिनं त्याला माफी मागू न देताच सोडून दिलं, आणि तोंडातला शब्द घेऊन तो तसाच राहिला. सदानंदानं सोफ्यावर सरकून जागा केली आणि शेजारी हात थोपटला. रावजी तिकडं गेला नाही. तो दारापाशी, लोकांच्या चपलांजवळ, फरशीवर बसला.