निकासियोमामांच्या घरचं जावळ

मामांनी मला कोचाबांबाच्या गाडीवरून एर्मिनियोशेठना आणायला पाठवलं, आणि मी भलताच माणूस घेऊन आलो.

"उंच, गोरा, डोक्यावर हॅट," एवढीच खूण मामांनी सांगितली होती. ती त्यांनीच रचलेली. शेठना त्यांनी फक्त फोनवर ऐकलं होतं, पण इतक्या ट्रकांचा मालक गोरा नाही तर कोण असणार, असा मामांचा हिशेब. ओरुरोच्या स्टँडवर त्या वर्णनाचा एकच प्राणी होता. पाठीवर भलंमोठं ओझं, आणि आमच्या उंचावरच्या विरळ हवेत तोंड उघडं टाकून धापा टाकत उभा.

"निकासियोंच्या लॉजवर यायचंय ना?" मी विचारलं.

"हो, हो."

"शेठ आपणच?"

"हो, हो."

अर्ध्या वाटेत मला शंका आली. कुठल्या गाडीने आलात विचारलं तरी तो "हो, हो" म्हणत होता. पण सांगितलं तसं करायचं, डोकं चालवायचं नाही, हे आमच्या गावच्या शाळेत चांगलं पक्कं करून घेतलेलं होतं.

आमच्याकडे प्रत्येक कार्याला एक धर्मबाप लागतो, आणि निकासियोमामांचं आयुष्य त्या निमित्ताने मोठ्या माणसांशी नातं जोडण्यात गेलं. लग्नाला त्यांनी धर्मबाप केला एका जकात अधिकाऱ्याला; तो पुढे रस्त्यात ओळख देईना. लॉजवर छप्पर चढलं तेव्हा धर्मबाप केला पोलीस हवालदार. तो ओळख देतो, फुकट राहून. लॉजचं नाव 'आंतरराष्ट्रीय'. आंतरराष्ट्रीय इतकंच, की तिथले ढेकूण कुणाचाही पासपोर्ट बघत नाहीत. गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हतं. म्हणून आता एर्मिनियोशेठ. मुलीच्या जावळाची पहिली बट शेठनी कापली, की ते जन्माचे नातेवाईक. मग त्यांचे सगळे ड्रायव्हर 'आंतरराष्ट्रीय'मध्येच झोपणार. नाहीतर लॉजला कुलूप.

लायक धर्मबाप सापडेपर्यंत रोसेंदाचे केस वाढत राहिले होते. पोर शाळेत जायच्या वयाची झाली, तरी डोक्यावर जटांचं घरटं.

"तुमच्या शेठच्या नादात पोरीच्या डोक्यात उवांनी संसार थाटला," बासिलियामामी म्हणायची.

"तुला नाती कळत नाहीत," मामा म्हणायचे.

मी पाहुण्याला घेऊन दारात आलो तेव्हा मामांनी टाय सारखा केला आणि इतके वाकले, की टाय चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, पेल्यात बुडाला. "पाहिलंस? चेहऱ्यावरच खानदान दिसतं," ते मामीला म्हणाले. खानदान तेव्हा उंचावरची हवा बाधून हिरवं पडलं होतं.

बँड वाजला. रोसेंदाला खुर्चीवर बसवलं, पाहुण्याच्या हातात कात्री दिली. फुकट जेवण, वर करमणूक, असं वाटून त्याने हसत हसत बट कापली आणि ताटलीत ठेवली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात दारात एक बुटका, काळासावळा माणूस आला. धुळीचे बूट, काखेत गाठोडं.

"निकासियो कोण?" त्याने विचारलं.

"खोली मागच्या बाजूला आहे. आत्ता कार्यक्रम चाललाय, तिकडे कोपऱ्यात बस," मामा मागे न बघताच म्हणाले.

तो बसला. मामीने वाढलं, ते मुकाट्याने जेवला. आमच्याकडे पहिल्या बटेनंतर सगळेच पाहुणे एकेक बट कापतात. त्याची पाळी आली, तेव्हा त्याने कानामागची एक गुंतलेली जट कापली, रोसेंदाला दुखणार नाही अशी.

"नाव सांगा, पोरीला कळू दे," मामी म्हणाली.

"एर्मिनियो. गाडी चुकली, ट्रकने आलो."

बँडवाल्यांनाही काहीतरी कळलं असावं, वाजवायचे थांबले.

मामा धावले. "शेठ, हा गाढव एदगार... भाचा आहे माझा... भलत्यालाच घेऊन आला. आपण पुन्हा कापू. पहिली बट धरायचीच नाही."

"कापलेली बट परत डोक्यावर लावता येते का? धर्मबाप मिळाला तुम्हाला. चांगला उंच आहे," शेठ गाठोडं उचलत म्हणाले. "याचे ट्रक असतील तर याचेच ड्रायव्हर झोपवा."

आणि गेले. गाठोड्यात काय होतं, ते कुणालाच कळलं नाही.

मग मामांनी, आयुष्यभराची सवय, त्या पाहुण्याला स्वच्छ उशी दिली. पण त्याला मुक्कामाला राहायचंच नव्हतं. मिठाचं वाळवंट बघायला उयुनीची पुढची गाडी पकडायची होती. धर्मबापाने पोरीला मेंढी द्यायची असते, हे मामीने त्याला चार पायांवर चालून, बें बें करून समजावलं. "हो, हो," तो म्हणाला, आणि बॅग उचलून निघाला.

लॉजला आता कुलूप आहे. हवालदार तेवढा अधूनमधून किल्ली मागून जातो. मामा सध्या एका नगरसेवकाच्या मागे आहेत. कुलपासाठी धर्मबाप हवा असावा.

रोसेंदा शाळेत जाते. डोकं हलकं झाल्यापासून पोर भारी धीट झालीय. मी दिसलो की रस्ता अडवते.

"एदगारदादा, माझी मेंढी?"

"तुझ्या धर्मबापाला विचार."

"आई म्हणते, त्याला आणलं तू. मेंढी तू द्यायची."

"देतो, पुढच्या बाजारी," मी म्हणतो.

"हो, हो," ती म्हणते.